साते-सॉस घालून पनीर सँडविच: सॉस फुटतो, पाव भिजतो, काय करावं?

विश्रामबाग_किचन:
नमस्कार मंडळी. इंडोनेशिया-मलेशियाकडे साते, म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं चिकन-मटण, शेंगदाण्याच्या आंबटगोड तिखट सॉसबरोबर खातात. त्या धर्तीचा सॉस घालून पनीरचं सँडविच करायचं आहे. सामान बघितलं तर बहुतेक घरातलंच: दाणे, गूळ, चिंच, आलं-लसूण, मिरची. आणायचा तो फक्त सोया सॉस. तरी गणित बसत नाही.

दाण्याचं कूट, सोया सॉस, गूळ आणि पाणी एकत्र उकळलं की सॉस आधी दाट दिसतो. गार झाला की खाली चोथा, वर तेल-पाणी. चव म्हणाल तर नुसती खारट. आणि सकाळी सातला डब्यात भरलेलं सँडविच मधल्या सुट्टीपर्यंत लगदा होतं.

ओव्हन नाही. तवा, मिक्सर आणि गॅसवर धरायचा सँडविच टोस्टर आहे. स्लाइस ब्रेड घ्यावा की पाव? गुळाऐवजी काकवी चालेल का? नारळाचं दूध हवंच का? चौघांसाठी नेमकं प्रमाण सांगा, 'चवीनुसार' नको.

कृष्णाकाठ:
सॉस फुटतो त्याला कारण कूट. कुटाचे कण रवाळ असतात. ते पाणी धरत नाहीत आणि स्वतःतलं तेलही नीट सोडत नाहीत. सॉस एकजीव व्हायचा तर दाणे लोण्यासारखे मऊ होईपर्यंत वाटायला हवेत. दुसरं कारण जोराची उकळी. दाणे पडल्यावर सॉस खळाखळा उकळला की तेल सुटून वर येतं.

प्रमाण देतो. मोठा चमचा म्हणजे 15 मिली, लहान म्हणजे 5 मिली.

शेंगदाणे 100 ग्रॅम. सोया सॉस दीड मोठा चमचा. काकवी दीड मोठा चमचा, नसेल तर किसलेला गूळ 25 ग्रॅम. चिंचेचा दाट कोळ एक मोठा चमचा. लसूण पाच पाकळ्या, आलं इंचभर. ब्याडगी मिरच्या चार आणि संकेश्वरी एक, बिया काढून. गवती चहाची पाच-सहा पाती. शेंगतेल दोन मोठे चमचे. हा सॉस चौघांना दोन वेळा पुरतो. यापेक्षा कमी करू नका, दाणे मिक्सरच्या पात्याला लागत नाहीत.

दाणे भाजण्याआधी निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे किंवा कडू दाणे फेकून द्या. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. मग मंद-मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं सतत हलवत भाजा. टरफल सुटू लागलं आणि आतला दाणा फिकट बदामी झाला की पुरे, गरम कढईत तो आणखी रंगतो. पूर्ण गार करून पाखडा. टरफल राहिलं तर सॉस तुरट लागतो.

चटणीच्या भांड्यात अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडा, परत फिरवा. आधी कूट होईल, मग गोळा होईल, मग एकाएकी सैल पडेल. नेमके गोळ्यापाशी लोक थांबतात. एक लहान चमचा शेंगतेल सोडा आणि पुढे चालू ठेवा. भांडं हाताला गरम लागलं तर पाच मिनिटं विश्रांती द्या, मिक्सर जाळण्याइतकी घाई नाही.

गवती चहा वाटू नका. आपल्याकडे परसात येतो त्याची पाती चिवट, त्यांचे धागे जिभेला लागतात. थाई-मलाय स्वयंपाकात खालचा पांढरा, जाडसर बुंधा वाटतात, तो आपल्या रोपाला बारीकच असतो. पातींची गाठ बांधून 250 मिली पाण्यात सहा-सात मिनिटं उकळा, गाठ काढून टाका. उरलेलं साधारण 180 मिली पाणी सॉसला वापरा.

मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून आलं-लसणाबरोबर बारीक वाटा. उरलेल्या तेलात हे वाटण मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. कडेने तेल दिसलं आणि लसणाचा कच्चा वास गेला की गवती चहाचं पाणी अर्धं, काकवी, चिंच आणि सोया सॉस घाला. दोन मिनिटं उकळू द्या. उकळायचं ते इथेच. गॅस बंद करून दाण्याचं लोणी चमचाचमचाने घोटत मिसळा. एका टप्प्यावर ते आवळून घट्ट गोळा होईल. सॉस बिघडला असं वाटेल, पण बिघडलेला नसतो. पाणी कमी असताना दाण्याचे कण ते शोषून एकमेकांना चिकटतात. उरलेलं पाणी गरम करून थोडं थोडं घाला आणि घोटत राहा, तो पुन्हा मऊ होईल. मग अगदी मंद आचेवर दोन मिनिटं, ढवळत, बुडबुडा येऊ न देता.

सँडविचसाठी दाटपणा श्रीखंडाइतका हवा. गार झाल्यावर आणखी आळतो, म्हणून उतरवताना किंचित सैल ठेवा.

मीठ शेवटी, चाखून. बाटलीवर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण दोन ग्रॅम मीठ निघतं. तुमचा सॉस नुसता खारट लागतो तो त्यामुळे: रंग येईना म्हणून सोया वाढवला जातो. रंग ब्याडगीने आणा.

नारळाचं दूध पुष्कळ ठिकाणी घालतात, चव छानच येते. पण सँडविचसाठी मी टाळेन. सॉस सैल राहतो आणि फ्रिजमध्येही दोन दिवसांच्या वर ठेवू नये. घालायचंच तर गवती चहाच्या पाण्यातलं अर्धं पाणी कमी करून तितकंच दाट दूध घाला, तेही लोणी मिसळल्यावर.

माणदेशी_तिखट:
एवढी मिरची भिजवा, वाटा, परता कशाला? घरात कांदा-लसूण चटणी असतेच. एक चमचा टाकला की काम झालं.

कृष्णाकाठ:
दादा, टाकून बघा, पण तो साते-सॉस राहणार नाही. आपल्या कांदा-लसूण चटणीत धणे, खोबरं, लवंग-दालचिनी असतात. त्यांच्यापुढे गवती चहा आणि सोया दोन्ही दबतात, झुणक्याला शोभेल अशी चव येते. चटणी वापरायचीच असेल तर सोया आणि गवती चहा वगळा, दाण्याचं लोणी, दही आणि चटणी फेटा. सँडविच चांगलं होईल, फक्त ते निराळं सँडविच.

माणदेशी_तिखट:
मान्य. पण संकेश्वरी एकच? आमच्याकडे दोन घालाव्या लागतील.

मिरज_जंक्शन:
काकवीचं विचारलंत म्हणून लिहितो. नुसती चालत नाही, या कामाला ती गुळापेक्षा सरस. इंडोनेशियात केचप मानिस म्हणून दाट, गोड, काळा सोया सॉस असतो, ताड-माडाच्या गुळात शिजवलेला. तो इथे मिळाला तर महाग पडतो. काकवी आणि सोया सॉस आटवले की त्याच्या बरंच जवळ जाणारं काहीतरी घरी होतं. सांगली-साताऱ्याच्या गुऱ्हाळांवर हंगामात काकवी सहज मिळते. घेताना झाकण उघडून वास घ्या. वर फेस आणि आंबूस वास असेल तर ती आंबायला लागलेली आहे.

सोया सॉस चार मोठे चमचे, काकवी तीन मोठे चमचे, पाणी चार मोठे चमचे, व्हिनेगर एक मोठा चमचा, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, किसलेलं आलं एक लहान चमचा, चक्रीफूल एक. जाड बुडाच्या छोट्या भांड्यात मंद आचेवर सहा-सात मिनिटं. चमच्याच्या पाठीवर थर बसला, त्यात बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही, की उतरवा आणि गाळा. याहून जास्त आटवलात तर गार झाल्यावर चमचा उभा राहील. तसं झालंच तर दोन चमचे गरम पाणी घालून परत मंद आचेवर धरा.

गूळ घेतलात तर साधा घ्या. चिकीचा नको, त्याचा पाक कडक होतो. गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळा, तळाला बारीक वाळू निघते ती दाताखाली नको.

हॉटेलात असा सॉस कॉर्नफ्लोअरने दाट करतात. वेळ नसेल तर एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून उकळत्या सॉसमध्ये घाला आणि सॉस पारदर्शक होईपर्यंत एक मिनिट शिजवा, नाहीतर पिठाळ लागतो. मात्र तो त्याच दिवशी संपवायचा. फ्रिजमध्ये ठेवला की पाणी सोडतो आणि ते पाणी पावात मुरतं. काकवी आटवून केलेला सोडत नाही.

बाटल्यांबद्दल एक. आपल्या दुकानात बहुतेक 'डार्क' सोया सॉस असतो, त्यात रंगासाठी कॅरॅमल घातलेलं असतं. 'लाइट' म्हणजे रंगाने फिकट, मिठाने नव्हे. वरच्या मापाला कुठलाही चालेल, पण लाइट घेतल्यास आधी दीड चमचा कमी घाला आणि चाखा.

पनीरसाठी: 250 ग्रॅम पनीरचे बोटाच्या जाडीचे, पावाच्या आकाराचे चार तुकडे करा. कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग फडक्यात दाबून पूर्ण कोरडे करा. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन्ही बाजूंना भुरभुरा, जादा झटका. गरम तव्यावर दोन चमचे तेलात प्रत्येक बाजू दोन-अडीच मिनिटं, मधे उलथणं लावू नका. दोन्हीकडे सोनेरी झालं की आच मंद करून वरचा आटवलेला सॉस दोन मोठे चमचे ओता, पनीर त्यात उलटा आणि अर्ध्या मिनिटात उतरवा. सॉस आधी घातला तर गुळाचा अंश जळतो, पनीर पांढरंच राहतं आणि तवा घासण्यात संध्याकाळ जाते. टोफू वापरत असाल तर फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवून अर्धा तास पाणी काढा, नाहीतर तेल उडतं आणि कवच येत नाही.

म्हणजे आत काळा चकचकीत सॉस पनीरला आणि त्याच्या वर दाण्याचा सॉस. दोन्ही केलेत तर उत्तम, एकच करायचा तर दाण्याचा करा.

लादीवाला:
पावाचं मी सांगतो. या सँडविचला आदल्या दिवशीचा पाव ताज्यापेक्षा बरा. ताज्या पावात ओल जास्त, तो सॉस लगेच पितो. स्लाइस ब्रेड घेतलात तर जाड कापलेला घ्या. बारीक स्लाइस या वजनाला टिकत नाही. मला विचाराल तर बेकरीतला लांब बन सगळ्यात योग्य, व्हिएतनाममधल्या बान मी सँडविचसारखा. तिकडे पाव फ्रेंचांच्या राजवटीत गेला, म्हणून तो बाहेरून कडकडीत असतो. आपला बन मऊ, पण तव्यावर जमवता येतं. उभा चिरा, एक बाजू जोडलेली राहू द्या. आतल्या दोन्ही बाजूंना कडेपर्यंत एकेक लहान चमचा बटर लावा आणि मंद आचेवर आतली बाजू खाली ठेवून तीन-चार मिनिटं सोडा. बटरचा थर आणि भाजलेला कडक पापुद्रा, दोन्ही मिळून ओल अडवतात. बटर कडेला लागलं नाही तर भिजणं तिथूनच सुरू होतं.

भाजलेला पाव जाळीवर ठेवा, ताटात नको. ताटात खालच्या बाजूला वाफ धरते.

रचना: खालच्या अर्ध्यावर कोबीचं किंवा लेट्यूसचं पान, पूर्णपणे कोरडं. त्यावर पनीर, पनीरवर दाण्याचा सॉस दीड मोठा चमचा, मग लोणच्यातलं गाजर, कोथिंबीर, काडीसारखी चिरलेली काकडी. सॉस थेट पावाला लागता कामा नये, हा सगळा खटाटोप त्यासाठी. काकडी चिरून चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्या. टोमॅटो घालूच नका. आंबटपणा चिंचेचा आहे, टोमॅटो फक्त पाणी आणतो. वरच्या पावाला मेयोनीज हवं तर एक लहान चमचा, त्यापेक्षा नको.

गॅसवरच्या टोस्टरमध्ये सॉस भरून भाजू नका. कडेतून गळतो, गूळ पत्र्यावर जळतो आणि पुढचे चार टोस्ट त्या कडू वासाचे होतात. टोस्टरमध्ये फक्त पाव आणि पनीर भाजा, मग उघडून सॉस आणि भाज्या घाला.

विश्रामबाग_किचन:
फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. लादीवाला दादा, लोणच्यातलं गाजर म्हणजे आपलं मोहरीची डाळ घातलेलं? आणि चिकनचं करायचं तर काय बदल?

कोरेगावचं_आलं:
नाही ताई, मोहरी, हळद, तेल यातलं काहीच नाही. बान मीत गाजर आणि मुळ्याच्या काड्या व्हिनेगर-साखरेत मुरवतात. गाजर 100 ग्रॅम आणि मुळा 100 ग्रॅम, काडेपेटीच्या काडीपेक्षा किंचित जाड चिरा. किसू नका, किसाचा लगदा होतो. अर्धा लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा साखर चोळून पंधरा मिनिटं ठेवा. काडी वाकवली आणि तुटली नाही की पिळून घ्या. 80 मिली व्हिनेगर, 80 मिली कोमट पाणी, दोन मोठे चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून त्यावर ओता, काड्या बुडल्या पाहिजेत. तासाभरात खाता येतं, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं. स्वच्छ काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये दोन आठवडे. सँडविचमध्ये घालताना चाळणीवर निथळून मगच.

तिकडे तांदळाचं व्हिनेगर असतं, ते सौम्य. आपलं पांढरं व्हिनेगर घशाला लागतं, म्हणून निम्मं पाणी.

मुळ्याची बरणी उघडली की भपकारा येतो, तो मुळ्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा. लोणचं खराब झालेलं नसतं. झाकण काढून पाच-दहा मिनिटं ठेवा. शाळेच्या डब्यात मात्र नुसतं गाजर द्या, मुलं वर्गात डबा उघडायला लाजतील.

आल्याबद्दल: दाण्याच्या सॉसला जून आलं घ्या. ते तिखट असतं, दोरे असले तरी वाटणात जातात. आटवलेल्या सॉसला कोवळं, रसाळ आलं किसून.

आणखी एक, तिळाचं तेल. चिनी-कोरियन सॉसमध्ये घालतात ते भाजलेल्या तिळाचं, गडद आणि खमंग. आपलं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नाही. त्याऐवजी एक मोठा चमचा तीळ गुलाबी भाजून दाण्यांबरोबरच वाटा.

मिरज_जंक्शन:
चिकनसाठी छातीचं नको, बोनलेस लेग घ्या, 400 ग्रॅम. छातीचं मांस तव्यावर दोन मिनिटं जास्त राहिलं तरी कोरडं होतं. जाड भाग थोपटून सगळीकडे दीड सेंटीमीटर करा. अर्ध्या लहान चमच्यापेक्षा थोडा कमी खाण्याचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात कालवून चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी नीट धुऊन कोरडं करा. सोड्याने मांस शिजताना आकसत नाही, पाणी धरून राहतं. जास्त वेळ ठेवलं किंवा धुतलं नाही तर साबणासारखी चव येते आणि मांस रबरी होतं. मग एक मोठा चमचा सोया सॉस, एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर, एक लहान चमचा तेल लावा. मध्यम-तेज आचेवर एक बाजू पाच-सहा मिनिटं, दुसरी चार. आतलं तापमान 74 अंश सेल्सिअस व्हायला हवं. तापमापक नसेल तर सगळ्यात जाड जागी चिरून बघा, गुलाबी काही दिसता कामा नये. आटवलेला सॉस शेवटच्या मिनिटाला. उतरवून पाच मिनिटं थांबा आणि धाग्यांना आडवं कापा, म्हणजे घास तुटतो, सगळा तुकडा एकदम बाहेर ओढला जात नाही.

शिळं_पण_खमंग:
दोन सूचना. पहिली डब्याची. सॉस छोट्या झाकणाच्या डबीत वेगळा द्या, खाताना लावतील. पनीर पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. तुमचा लगदा निम्मा वाफेचा असणार. सातला भरलेला डबा साडेबाराला उघडायचा तर चिकन मुळीच देऊ नका. पनीरही द्यायचं तर गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीला चिकटवून, आणि एप्रिल-मेमध्ये तेही नको. नुसतं कोबी-गाजर आणि वेगळा सॉस द्या.

दुसरी: मुलं डबे वाटून खातात. वर्गात कुणाला दाण्यांची अॅलर्जी आहे का हे शाळेत विचारा. तशी शक्यता असेल तर दाण्यांऐवजी 60 ग्रॅम डाळे आणि 40 ग्रॅम भाजलेले तीळ घ्या, मात्र तिळाचीही अॅलर्जी असते हे लक्षात ठेवून, आणि शेंगतेलाऐवजी सूर्यफुलाचं तेल घाला. डाळे पाणी जास्त पितात, पाणी चाळीस-पन्नास मिली वाढवा.

माणदेशी_तिखट:
आणि कुरकुरीतपणासाठी सांगलीचं भडंग! दाणे, लसूण, तिखट, सगळं जुळतं.

लादीवाला:
जुळतं खरं, पण सॉसला लागताच पाच मिनिटांत मऊ पडतं. वरून मूठभर, खाताना. डब्यात नाही.

विश्रामबाग_किचन:
शेवटचं विचारते. दाण्याचा सॉस एकदम दुप्पट करून ठेवला तर किती दिवस टिकेल?

कृष्णाकाठ:
फ्रिजमध्ये कोरड्या बरणीत चार दिवस. चिंच-मीठ आहे म्हणून ओट्यावर राहील असं धरू नका. लसूण तेलात परतून बाहेर ठेवणं धोक्याचं, हवा न लागणाऱ्या तेलात वाढणारे जंतू वासावरून कळत नाहीत. जास्त केला तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा, मग वड्या पिशवीत भरा. महिनाभर चालतो. एका साच्यात साधारण मोठा चमचाभर मावतो, म्हणजे दोन वड्यांत एक सँडविच. रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा. सकाळी फुटल्यासारखा दिसेल, दोन लहान चमचे गरम पाणी घालून काट्याने फेटा, जुळून येतो. नारळाचं दूध घातलेला मात्र गोठवू नका, तो रवाळ होतो.